केंब्रिजला अप्लाय करताय? कॉलेज निवडायच्या आधी हे वाचा

केंब्रिजबद्दल कोणीही विचारायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला, कॉलेज कुठलं टाकू, ट्रिनिटी का किंग्ज? मग त्यावर रात्र रात्र रिसर्च चालतो, कुठलं चॅपल किती जुनं, कुठल्या कॉलेजचे किती नोबेलवाले वगैरे. माझं स्पष्ट मत आहे की यातला बराचसा वेळ फुकट जातो. जो वेळ कोर्स आणि एन्ट्रन्स टेस्टला द्यायचा तो कॉलेजच्या फोटोंना दिला जातो, आणि कॉलेजबद्दल ज्या दोन-तीन रटाळ गोष्टी खरंच बघायला हव्यात (कॉलेज फी, भाडं, सुट्टीत खोली राहते का) त्या कोणी बघतच नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. मुख्यतः बारावीनंतर बॅचलर्सला जाणाऱ्यांसाठी आहे, मास्टर्स-पीएचडीवाल्यांचं शेवटाकडे थोडक्यात.

पायरी १: कोण काय करतं ते आधी डोक्यात बसवा

युनिव्हर्सिटी १२०९ पासूनची, आणि आज तिच्यात ३१ कॉलेजं आहेत. सगळ्यात जुनं पीटरहाउस, १२८४ चं. सगळ्यात नवीन म्हणजे रॉबिन्सन, १९७० च्या दशकातलं. प्रत्येक कॉलेज कायद्याने वेगळी संस्था आहे, स्वतःची जागा, स्वतःचा पैसा, स्वतःचे नियम. आपल्याला सवय असते की कॉलेजने वर्ग घ्यायचे आणि युनिव्हर्सिटीने पेपर काढायचे, ते चित्र इथे पूर्ण पुसून टाका.

इथे लेक्चर्स, लॅब, सिलॅबस, परीक्षा आणि डिग्री हे सगळं युनिव्हर्सिटीच्या डिपार्टमेंट्सकडे असतं. कॉलेजकडे असते बॅचलर्सची ॲडमिशन, राहायची खोली, जेवण, काही अडचण आली तर बघणारा ट्यूटर, आणि सुपरव्हिजन. त्यामुळे इंजिनिअरिंगची मुलं कुठल्याही कॉलेजची असली तरी लेक्चरला एकाच हॉलमध्ये शेजारी शेजारी बसतात, पेपर तोच देतात. रँग्लर परांजपे सेंट जॉन्सचे (१८९९ चे सीनियर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले आलेले), चिंतामणराव देशमुख जीझसचे, जयंत नारळीकर तेव्हाच्या फिट्झविल्यम हाउसचे, पण डिग्री तिघांचीही केंब्रिजचीच.

आता सुपरव्हिजन, कारण या जागेचा खरा कस तिथे लागतो. लेक्चर शंभर-दोनशे जणांचं असू शकतं, पण त्याच विषयावर साधारण आठवड्याला एकदा तुम्ही आणि अजून एक-दोन जण एखाद्या प्रोफेसर, पोस्टडॉक किंवा पीएचडीवाल्यासमोर तासभर बसता. आदल्या दिवशी निबंध नाहीतर गणितांचं शीट (एक्झाम्पल शीट म्हणतात) सोडवून पाठवायचं. समोरच्याने ते वाचलेलं असतं, मार्जिनमध्ये प्रश्नचिन्हं असतात, आणि तो पहिलाच प्रश्न विचारतो की इथे तिसऱ्या ओळीत हे गृहीत का धरलंस? दोघांच्या खोलीत मागच्या बाकावर बसून लपायची सोय नसते, न करता गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आणि एका वेळी असे दोन-चार विषय चालू असतात, म्हणजे आठवड्यात तेवढ्या डेडलाइन. ज्यांना आपलं आपण अभ्यास करून परीक्षेच्या आधी महिनाभर जोर लावायची सवय आहे त्यांना हे सुरुवातीला जड जातं. ज्याला चर्चा आवडते, चुकलं तरी बोलायची लाज वाटत नाही, त्याच्यासाठी मात्र यासारखी मजा नाही.

सुपरव्हिजन कोणाकडे हे ठरवणारी व्यक्ती म्हणजे कॉलेजमधला तुमच्या विषयाचा डायरेक्टर ऑफ स्टडीज, थोडक्यात डॉस. अभ्यासाचं सगळं डॉसशी बोलायचं, बाकी तब्येत, पैसे, घरचं टेन्शन हे ट्यूटरशी. दोघं वेगळे असतात, मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. आणि सुपरव्हायजर तुमच्याच कॉलेजचा असेल असंही नाही, दुसऱ्या कॉलेजात सायकल मारत जावं लागतं.

पायरी २: कोर्स

इथे फॉर्मवर एकच कोर्स टाकता येतो, आणि एका वर्षी केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड यातलं एकच. दोन्हीकडे टाकून बघू हे बॅचलर्सला चालत नाही.

कोर्सला ट्रायपॉस म्हणतात, आणि त्याचे पार्ट असतात, वन ए, वन बी, टू, काही कोर्सेसना थ्री. नावांवरून अंदाज बांधू नका, कोर्सच्या पानावर जाऊन पहिल्या वर्षी नक्की काय शिकवतात ते वाचा. नुसतं फिजिक्स किंवा केमिस्ट्री असा कोर्स इथे नाहीच, सगळे नॅचरल सायन्सेसमध्ये येतात, पहिल्या वर्षी तीन सायन्स विषय आणि जोडीला गणित, मग हळूहळू एका विषयाकडे वळायचं. इंजिनिअरिंगलाही पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळं, मेकॅनिकल का इलेक्ट्रिकल हे तिसऱ्या वर्षी. ज्याला पहिल्या दिवसापासून फक्त कॉम्प्युटर पाहिजे त्याने कॉम्प्युटर सायन्सलाच टाकावं, इंजिनिअरिंगमधून जाऊ म्हणू नये. इकॉनॉमिक्सला गणित भरपूर आहे, हे वाचून दचकणारे दरवर्षी असतात. मेडिसिनला परदेशी विद्यार्थ्यांच्या जागांवर सरकारी मर्यादा आहे आणि त्या जागा फारच थोड्या, तेव्हा तिथे टाकताना डोळे उघडे ठेवून टाका.

मार्कांची अट ए लेव्हल्समध्ये (म्हणजे ब्रिटनची बारावी) सांगतात, आर्ट्सकडे साधारण ए स्टार ए ए आणि सायन्सकडे ए स्टार ए स्टार ए. भारतीय बोर्डांसाठी वेगळं पान आहे, सीबीएसई, आयएससी आणि स्टेट बोर्ड यांच्या अटी सारख्या नाहीत, काही सायन्स कोर्सेसना बारावीच्या मार्कांवर अजून काहीतरी मागतात. ते पान अकरावीत वाचा, बारावीच्या दिवाळीत नाही.

पायरी ३: तारखा

इतर ब्रिटिश युनिव्हर्सिट्यांची मुदत जानेवारीत असते म्हणून मुलं निवांत असतात आणि इथेच गाडी चुकते. केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर, ब्रिटनच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी ६. म्हणजे ज्या वर्षी जायचं त्याच्या आदल्या वर्षीचा ऑक्टोबर.

फॉर्म यूकॅसवरून (ब्रिटिश युनिव्हर्सिट्यांना अर्ज करायची सामाईक वेबसाइट) भरायचा, पाच चॉइस असतात, त्यातला एक केंब्रिज. पर्सनल स्टेटमेंट आता एक सलग निबंध राहिलेला नाही, २०२६ च्या ॲडमिशनपासून तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, सगळी मिळून ४,००० कॅरेक्टर्स. लक्षात ठेवा, पाचही ठिकाणी हेच स्टेटमेंट जातं, त्यामुळे त्यात केंब्रिजचं गुणगान नको. विषयाबद्दल काय वाचलं, काय करून बघितलं, त्यातून कुठला प्रश्न पडला, हे लिहा. स्विमिंगचं मेडल एका ओळीत आटपा, खरंच. शाळेकडून रेफरन्स लागतो, तो लिहिणाऱ्या सरांना किंवा मॅडमना ऑगस्टमध्येच सांगून ठेवा, कारण नेमकं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्यांच्या मागे शंभर कामं असतात.

यूकॅस सबमिट झालं की केंब्रिजचा स्वतःचा एक फॉर्म येतो, माय केंब्रिज ॲप्लिकेशन नावाचा, त्याची मुदत यूकॅसनंतर आठवडाभरातच असते. ती मेल स्पॅममध्ये जाऊ शकते, रोज बघत राहा.

पायरी ४: एन्ट्रन्स टेस्ट

कुठल्या कोर्सला कुठली ते आधी बघून घ्या. इंजिनिअरिंग, नॅचरल सायन्सेस, केमिकल इंजिनिअरिंग यांना ईसॅट. इकॉनॉमिक्स आणि कॉम्प्युटर सायन्सला टीएमयूए. लॉला एलनॅट, मेडिसिनला यूकॅट. गणिताला ॲडमिशनच्या आधी वेगळीच गोष्ट आहे, तिथे ऑफर मिळाल्यावर जूनमध्ये स्टेप नावाचे पेपर द्यावे लागतात, आणि ती ऑफरचीच अट असते. म्हणजे ऑफर हातात आहे पण स्टेपमध्ये ग्रेड आला नाही तर जागा गेली. बरेच जण नेमके तिथेच अडकतात.

ईसॅटमध्ये मॉड्यूल्स असतात, प्रत्येक मॉड्यूल ४० मिनिटांत २७ प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही. गणिताचं पहिलं मॉड्यूल सगळ्यांना, बाकीची कोर्सप्रमाणे. टीएमयूएचे दोन पेपर, ७५ मिनिटांचे, २० प्रश्नांचे. जेईईची तयारी झालेल्या मुलांना यातलं गणित-फिजिक्स अवघड वाटत नाही, पण वेग वेगळा आहे, ईसॅटला दीड मिनिटाला एक प्रश्न, आणि टीएमयूएच्या दुसऱ्या पेपरमध्ये लॉजिक आणि प्रूफ आहे जे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. जुने पेपर मिळतात ते घड्याळ लावून सोडवा.

एक महत्त्वाचं. टेस्टचं रजिस्ट्रेशन तुम्ही स्वतः करायचं, यूकॅस भरला म्हणून आपोआप होत नाही, आणि ते सप्टेंबरमध्येच बंद होतं, म्हणजे फॉर्मच्या मुदतीच्याही आधी. केंब्रिजसाठी ईसॅट आणि टीएमयूए ऑक्टोबरच्याच सिटिंगला द्यावी लागते. सेंटर लवकर भरतात.

पायरी ५: आता कॉलेज

इथपर्यंत आलात तर आता कॉलेजबद्दल बोलू. कमी अर्ज येणाऱ्या कॉलेजला टाकलं तर चान्स वाढतो ही सगळ्यात जुनी टिप, आणि ती फारशी चालत नाही, कारण पूल नावाची भानगड आहे. कॉलेजला मुलगा चांगला वाटला पण जागा नाही, तर त्याचं नाव विंटर पूलमध्ये जातं, जानेवारीत बाकीची कॉलेजं ती यादी बघतात आणि उचलतात. दरवर्षी शेकडो मुलांना अशी ज्या कॉलेजचं नावही टाकलं नव्हतं तिथून ऑफर येते. तेव्हा हिशोब मांडत बसू नका.

बघायचं काय ते सांगते.

तुमचा विषय त्या कॉलेजात घेतात का? सगळी कॉलेजं सगळे विषय घेत नाहीत, लहान विषयांना तर नक्की तपासा.

तुम्ही त्यांच्या अटींत बसता का? न्यूनहॅम आणि मरे एडवर्ड्स फक्त मुलींसाठी. ह्यूज हॉल, सेंट एडमंड्स आणि वुल्फसन बॅचलर्सला २१ वर्षं पूर्ण झालेल्यांनाच घेतात. डार्विन आणि क्लेअर हॉल फक्त पोस्टग्रॅज्युएट. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलाची यादी ३१ ची नसतेच.

पैसे. परदेशी विद्यार्थ्यांना ट्यूशन फीवर वेगळी कॉलेज फी पडते, आणि ती प्रत्येक कॉलेजची वेगळी, वर्षाला हजारो पौंड. दोन कॉलेजांतला फरक तीन वर्षांत चांगलाच मोठा होतो. फोटोतल्या लॉनपेक्षा हा आकडा आधी बघा.

खोली. बहुतेक कॉलेजं तिन्ही वर्षं खोली देतात, पण भाडं, आकार, बाथरूम शेअर का स्वतःची, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, एकाच कॉलेजातही असतो. दुसऱ्या वर्षापासून खोल्या बॅलटने म्हणजे लॉटरीने ठरतात बऱ्याच ठिकाणी. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारत नाही तो म्हणजे सुट्टीत काय. टर्म फक्त आठ आठवड्यांची असते, मायकलमस ऑक्टोबर ते डिसेंबर, मग लेंट, मग ईस्टर. काही कॉलेजांत टर्म संपली की खोली सामानासकट रिकामी करायची असते. इंग्रज पोरांचे आईवडील गाडी घेऊन येतात आणि सगळं भरून नेतात, तुम्ही काय करणार? परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्टोरेज आहे का, किती बॉक्स ठेवता येतात, नाताळात राहायची परवानगी मिळते का आणि त्याचे रोजचे किती, हे ॲडमिशन ऑफिसला मेल करून विचारा. उत्तर देतात, आणि असल्या प्रश्नांचा ॲडमिशनवर काही परिणाम होत नाही.

स्वयंपाक. इथे मजल्यावरच्या छोट्या किचनला जिप रूम म्हणतात. कुठे त्यात व्यवस्थित शेगडी-ओव्हन असतो, कुठे मायक्रोवेव्ह आणि एक फ्रिज आठ जणांत. ज्यांना रोज स्वतःचं करून खायचंय त्यांनी हे बघितलंच पाहिजे. काही कॉलेजं जेवा अथवा न जेवा, किचन फिक्स्ड चार्ज म्हणून टर्मला ठराविक रक्कम लावतात, ती कॉलेज बिलात येते.

अंतर. गर्टन गावापासून जवळजवळ अडीच मैल लांब आहे, रोज सायकल. बदल्यात मोकळी जागा आणि शांतता. चर्चिल, फिट्झविल्यम, मरे एडवर्ड्स चढावर. होमर्टन स्टेशनच्या बाजूला. आर्ट्सचा बराचसा कारभार सिजविक साइटवर, मेडिकलचा दक्षिणेला ॲडनब्रुक्स हॉस्पिटलकडे, तुमचं डिपार्टमेंट कुठे ते मॅपवर बघा. किंग्ज, ट्रिनिटी, सेंट जॉन्सला टूरिस्टांची गर्दी असते, आपल्याच गेटमधून आत जाताना कार्ड दाखवावं लागतं.

एवढं करूनही ठरत नसेल तर ओपन ॲप्लिकेशन टाका. मग त्या कोर्सला तुलनेने कमी अर्ज आलेल्या कॉलेजात कॉम्प्युटर तुम्हाला टाकतो. नंतर मला हे नको म्हणता येत नाही एवढंच. आणि आत आल्यावर कॉलेज बदलणं जवळपास होत नाही. पण खरं सांगू, बहुतेक जण जिथे पडतात त्याच कॉलेजचा स्कार्फ दुसऱ्या महिन्यात गळ्यात घालून फिरतात.

पायरी ६: इंटरव्ह्यू

डिसेंबरमध्ये. परदेशातल्या मुलांचा बहुतेक ऑनलाइन. छंद कोणते, पाच वर्षांनी कुठे असाल असलं काही नाही, सरळ विषय. ग्राफ काढून दाखव, हा उतारा वाच आणि सांग, या गृहीतकात काय चुकतंय. उत्तर लगेच यावं अशी अपेक्षाच नसते, प्रश्न मुद्दाम थोडा पलीकडचा असतो, आणि हिंट दिली की तुम्ही ती पकडून पुढे जाता का हे ते बघतात. म्हणजे तो एक छोटा सुपरव्हिजनच असतो. म्हणून तयारी करायची तर मोठ्याने विचार करायची करा, एखाद्या मित्राला समोर बसवून गणित बोलत बोलत सोडवा. आपल्याकडची हुशार मुलं इथे मार खातात ती गप्प बसून मनात सोडवतात म्हणून. पाठ केलेली उत्तरं तर दोन मिनिटांत उघडी पडतात.

निकाल जानेवारीच्या शेवटी.

पायरी ७: पैशाचा हिशोब

ट्यूशन फी परदेशी विद्यार्थ्यांना आर्ट्सच्या कोर्सेसना वर्षाला साधारण २७ ते ३० हजार पौंड, सायन्स-इंजिनिअरिंगला ४० हजारांच्या वर, मेडिसिनला ७० हजारांच्या आसपास. त्यावर कॉलेज फी. त्यावर राहणं-खाणं. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा. आणि टर्ममध्ये पार्ट टाइम जॉब करून भागवू हा विचार सोडा, व्हिसा परवानगी देत असला तरी बॅचलर्सच्या मुलांनी टर्ममध्ये नोकरी करू नये असंच युनिव्हर्सिटीचं म्हणणं आहे, आणि आठ आठवड्यांच्या त्या टर्ममध्ये वेळही मिळत नाही. ऑफर आल्यावर कॉलेज पूर्ण कोर्सच्या पैशांचा पुरावा मागतं, फक्त पहिल्या वर्षाचा नाही. बॅचलर्सला पूर्ण स्कॉलरशिप परदेशी मुलांना क्वचितच, केंब्रिज ट्रस्टकडून काही मदत मिळू शकते पण ती मिळेलच असं धरून घर गहाण टाकू नका.

मास्टर्स-पीएचडीवाले

तुमचं सगळं उलट. यूकॅस नाही, युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरून थेट डिपार्टमेंटला अर्ज, निवड डिपार्टमेंट करतं. फॉर्ममध्ये कॉलेजच्या दोन पसंती टाकता येतात, ॲकॅडमिक ऑफर आल्यानंतर कॉलेज मिळतं, आणि कॉलेज प्रत्येकाला मिळतंच. फीमध्ये कॉलेजचा भाग धरलेला असतो, वेगळा भरायचा नाही. तुमच्यासाठी कॉलेज म्हणजे मुख्यतः खोली, जेवण आणि मित्र. फंडिंगसाठी मात्र कोर्सच्या मुदतीवर जाऊ नका, गेट्स केंब्रिज आणि इतर मोठ्या स्कॉलरशिप्सची तारीख आधी असते, बहुतेक कोर्सेसना डिसेंबर-जानेवारीत, त्या तारखेच्या आत अर्ज गेला नाही तर पैशांच्या स्पर्धेत तुम्ही नाहीच. काही सायन्स-इंजिनिअरिंग विषयांना व्हिसाच्या आधी एटास नावाचं सर्टिफिकेट लागतं, फुकट आहे पण आठवडे लागतात, ऑफर आली की लगेच भरा.

पोचल्यावर

पहिल्या दिवशी पोर्टर्स लॉजला जायचं, म्हणजे कॉलेजच्या गेटवरची केबिन. चावी, पार्सल, रात्री दोनला दार लॉक झालं, पाइप फुटला, सगळ्याला पोर्टर्स. त्यांच्याशी गोड राहा, कॉलेज तेच चालवतात. तिथेच तुमच्या नावाचा पत्रांचा कप्पा असतो, त्याला पिज म्हणतात. खोली साफ करायला येतात त्या बेडर. पहिल्या आठवड्यात मॅट्रिक्युलेशन असतं, गाऊन घालून रजिस्टरवर सही आणि ग्रुप फोटो. गाऊन फॉर्मल डिनरलाही लागतो, नवीन घेऊ नका, सीनियर लोक निम्म्या किमतीत विकतात. टर्ममध्ये बॅचलर्सच्या मुलांनी ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून तीन मैलांच्या आत राहायचं असा नियम आहे, बाहेरगावी रात्री राहायचं तर ट्यूटरला सांगून.

जीपीकडे (म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव पहिल्याच आठवड्यात नोंदवा, आजारी पडल्यावर नाही. आणि सायकल घ्या, गाडी ठेवायची परवानगी सहसा मिळत नाही. सेकंड हँड चालेल पण कुलूप चांगलं जाड घ्या, सायकली भरपूर चोरीला जातात, कॉलेजकडून नंबर पाडून घ्या, आणि पुढे-मागे लाइट लावा. ऑक्टोबरच्या शेवटी घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमाराला अंधार पडतो आणि बिनलाइटच्या सायकलवाल्यांना पोलीस थांबवून दंड करतात.